बेलखेडी फाटा

“अवो, ते काय हाय?” शोभानं खिडकीच्या गजांतून बोट बाहेर काढून विचारलं.

“लोहारा,” नीळकंठराव म्हणाले. “पयला टप्पा.”

“टप्पा नाई इचारला मी. त्या कुंपनाले पांढरं पांढरं काय लटकलं हाय?”

नीळकंठरावांना तिच्या खांद्यावरून वाकून पाहावं लागलं. जिनिंग कारखान्याच्या तारेच्या कुंपणाला कापसाचे पुंजके अडकले होते. कुंपणाच्या कडेनं बैलबंड्या आणि ट्रॅक्टर एकामागे एक उभे होते आणि वारा त्यांच्यातला कापूस थोडा थोडा चोरून तारेवर टांगत होता. काही बंड्यांखाली माणसं घोंगडी अंथरून झोपली होती. रांग कालचीच असावी. त्या साली कापसाला भाव नव्हता आणि खरेदी कधी सुरू होईल, कधी बंद पडेल याचा कोणालाच नेम नव्हता.

“कापूस हाय,” ते म्हणाले.

“हे मी कदी पाह्यलं नोतं.”

नीळकंठरावांनीही पाहिलं नव्हतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही. एसटीत तीस वर्षं त्यांनी कंडक्टरची नोकरी केली होती आणि त्यातली बरीचशी याच यवतमाळ-कारंजा रस्त्यावर. पण कंडक्टरचं तोंड माणसांकडे असतं. रस्ता त्यांना डोळ्यांनी नव्हे, पायांनी ठाऊक होता. लोहारा सुटल्यावर वळण आलं की डावा पाय रेटायचा. पुलाआधीच्या खड्ड्याला वरचा दांडा धरायचा. बोरी अरबच्या अलीकडे चढ लागला की पाठ सीटला टेकून सुट्टे मोजून घ्यायचे. खिडकीबाहेर काय आहे, हे पाहायची सवड कधी झाली नाही, आणि खरं सांगायचं तर तसं कधी मनातही आलं नाही.

गाडी थांबली. नीळकंठराव उठून उभे राहिले. “चला, चला, लवकर उतरा, मागचे पुढं सरका!” त्यांच्या तोंडून निघून गेलं. पुढच्या बाकावरच्या दोघी जणी वळून पाहू लागल्या.

गाडीची कंडक्टर एक तरुण मुलगी होती. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, नाजिया. ती गर्दीतून वाट काढत आली आणि हसून म्हणाली, “काका, बसा ना. हे काम आता माझं हाय.”

“सवय गेली नाई बेटा.”

“मालूम हाय मले. आगारात सारे तुमच्या आवाजाची नक्कल करतात.”

शोभा पदर तोंडावर धरून हसली. नीळकंठराव कानकोंडे होऊन बसले.

ते पावसाळ्यात निवृत्त झाले होते. वर्षातले काही दिवस नवरा-बायकोनं फुकट फिरायचा पास मिळाला होता, तो कपाटात पडून होता. दिवाळीत मुलगा पियूष पुण्याहून आला. त्याची बायकोही नोकरी करत होती आणि तिला सातवा महिना लागला होता. “आईले पाठवा बाबा,” तो म्हणाला. “जागा लहान हाय, दोघांची सोय नाई होनार आत्ताच. मोठं घर घेतलं की तुमीबी या.” नीळकंठरावांनी लगेच हो म्हटलं. तीस वर्षं पहाटे डबा घेऊन निघायचं आणि अंधारात परत यायचं. आठवड्यातून दोन रात्री तर मुक्कामाच्या गाडीवर कारंज्यालाच. शोभा त्यांच्याशिवाय राहिली होती, आता ते तिच्याशिवाय राहतील. हिशेब सरळ होता.

शोभा काही बोलली नव्हती. मागच्या आठवड्यात मात्र ताट वाढता वाढता म्हणाली, “जायच्या आंदी एकदा तुमच्या रस्त्यानं फिरून येऊ.”

मग त्यांनी बेत आखला. सकाळची गाडी, कारंज्याला गुरुमंदिरात दर्शन, प्रसादाचं जेवण, दुपारची परतीची गाडी. मध्ये कुठे किती वेळ जाईल तेही ठरवून टाकलं.

“मी एकदाच बसली होती तुमच्या गाडीत,” शोभा आता म्हणाली. “लगनानंतर. मायच्या घरी चालली होती. आठवते?”

“नाई बा.”

“गर्दी गंज होती. तुमी माह्यापाशी आले अन् म्हणाले, बाई, पुढं सरका.”

“मी?”

“हाव. मले वाटलं गंमत करून राह्यले. पन नाई. तुमी पाह्यलंच नोतं कोन हाय ते.”

शोभा पुन्हा खिडकीशी वळली. तिला सगळंच पाहायचं होतं. त्या टेकडीवर मंदिर कोणाचं? ते लाल कौलांचं घर रिकामं का? या एवढ्या शेळ्या कुठे निघाल्या? एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांना येईना. ते गावाचं नाव सांगत, आणि नावापुढे त्यांच्याजवळ काही नव्हतं.

बोरी अरब मागे पडलं. थोड्या वेळानं नाजियानं घंटी वाजवली. “बेलखेडी फाटा!”

टोपली घेतलेला एक म्हातारा उतरला. डांबरी रस्ता सोडून एक गाडवाट दोन्ही बाजूंच्या कापसाच्या पऱ्हाटीतून खाली उतरत गेली होती. थोडं पुढे जाऊन ती बाभळींच्या मागे वळत होती आणि दिसेनाशी होत होती. गाव दिसत नव्हतं, धूर दिसत नव्हता.

“हे वाट कुठं जाते?” शोभानं विचारलं.

“बेलखेडीले.”

“कसं हाय बेलखेडी?”

“गाव हाय. गावासारखं.”

“तुमी पाह्यलं?”

“मी कसा पाहीन? मी गाडीवर.”

शोभानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. नवल होतं. “तीस वर्षं या फाट्यावर मानसं उतरवले अन् ते कुठं जातात हे तुमाले माईत नाई?”

“त्याचं मले काय करायचं?”

“मले पाह्यचं हाय,” ती म्हणाली आणि उठलीच. “चला, उतरू.”

“अवं, कारंजा... प्रसाद बारा वाजता...”

पण ती बाकांमधून दाराशी पोचली होती. नाजियानं दोरीवर हात तसाच ठेवला. “काका, या लवकर,” ती गालात हसत म्हणाली, “मागचे पुढं सरका.”

गाडी गेली. धूळ खाली बसली. आणि मग नीळकंठरावांच्या ध्यानात आलं की असली शांतता त्यांनी या रस्त्यावर कधी ऐकलीच नव्हती. इंजिन नाही, खिडक्यांचा खडखडाट नाही. वाऱ्यानं पऱ्हाटीची वाळली पानं एकमेकांवर घासत होती, तेवढाच आवाज.

“आता?” ते म्हणाले.

“आता चाला.”

ते चालू लागले. पहिल्यांदा नीळकंठराव पुढे आणि भराभर, जणू कोणी तरी वेळ लिहून घेणार आहे. शोभा मागे पडली. मागे वळून पाहिलं तर ती शेताच्या धुऱ्यावर वाकून एका बोंडातला कापूस ओढून पाहत होती. पूर्ण फुटलेलं बोंड होतं. पाकळ्यांतून कापूस ओघळून बाहेर आला होता.

“सरकीले किती घट्ट धरून ठेवते पाहा,” ती म्हणाली. “ओढून पाहा ना.”

त्यांनी ओढून पाहिलं. खरंच घट्ट होतं. बोटांना सरकी टोचली. यवतमाळ जिल्ह्यात जन्म गेला आणि बोंडातून कापूस काढायची ही पहिलीच वेळ, हे त्यांना स्वतःलाच चमत्कारिक वाटलं. त्यांनी आणखी एक बोंड ओढलं, आणि मग मालकाचा माल आहे हे आठवून तो कापूस झाडालाच पुन्हा लावून ठेवायला गेले. तो लागेना. शोभा हसायला लागली.

वळणावर बाभळींच्या आड एक जुनी विहीर निघाली. काठ ढासळलेला, आत भिंतीतून पिंपळ उगवून वर आलेला. पाणी खूप खाली, काळं. दोघंही काठाला धरून वाकले.

“आवाज देऊन पाहा,” शोभा म्हणाली.

“काय लेकरावानी...”

“द्या ना. कोन हाय इथं पाह्यले?”

नीळकंठरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग घसा साफ केला, आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून जे आयुष्यभर म्हटलं तेच म्हटलं. “बेलखेडीऽऽ! बेलखेडी फाटाऽऽ!”

विहिरीनं तो आवाज घेतला, खाली नेला, पाण्यावर आपटला आणि दुप्पट मोठा करून परत दिला. पिंपळातून पारवे फडफडत उडाले. शोभा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत राहिली. नीळकंठराव आधी ओशाळले आणि मग तेही हसायला लागले. त्यांनी पुन्हा हाक दिली. दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, सगळे थांबे विहिरीत ओरडून झाले.

“अवो! गाडी आली का काय गावात?”

समोरून एक म्हातारी लुगड्याचा काष्टा सावरत धावत येत होती. हातात विळा तसाच होता. जवळ येऊन तिनं दोघांना खालीवर न्याहाळलं. नीळकंठरावांनी पांढरा सदरा घातला होता, खाकी नव्हती.

“आवाज त कंडक्टर सायबाचा आला मले,” ती म्हणाली.

“मीच हावो, माय.”

“तुमी!” तिनं विळा कमरेला खोचला. “म्या म्हनलं, आमच्या बेलखेडीत एसटी आली! किती वर्साची अर्जी हाय आमची. धावतच सुटली म्या. ओळखलं नाई का मले? सुखीबाई. मंगळवारी दारव्ह्याच्या बाजाराले जाते, वांग्याची टोपली घेऊन. टोपली वर ठेवू देत नोते तुमी, मंग हळूच म्हनत, ठेव ठेव, लवकर ठेव.”

टोपली त्यांना आठवली. तिच्या खालचा चेहरा ते आज पाहत होते. कपाळावर हिरवं गोंदण, समोरचा एक दात नाही, डोळे मात्र चिमणीसारखे चौकस.

“कोनाकडं आले?” तिनं विचारलं.

नीळकंठरावांनी शोभाकडे पाहिलं. शोभा म्हणाली, “गाव पाह्यले आलो.”

“आमचं गाव?” सुखीबाईला ते खरं वाटेना. “काहून?”

“वाट दिसली म्हून.”

सुखीबाईनं क्षणभर विचार केला आणि तिला ते पटलं असावं. “चाला मंग,” ती म्हणाली. “पयलं घर माहंच हाय.”

घर दोन खोल्यांचं होतं, आणि पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस. जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत कापूस. खिडकी अर्धी बुजली होती, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरींचे फक्त वरचे भाग दिसत होते. दाराजवळ ढीग उतरता झाला होता, तिथून आत शिरायचं.

“भाव येईन मंग इकू,” सुखीबाई म्हणाली. “तवापर्यंत तोच घरधनी अन् आमीच पाव्हने. पोरगा-सून वावरात हायेत. खाट बाहेर काढली, ते गेली त्यायच्यासंगं राखनीले. बसा ना कापसावरच. रातच्याले आमी तिथंच झोपतो. खाज येते जराशी, पन थंडी लागत नाई.”

शोभानं चपला काढल्या आणि जपून बसली. ती खाली गेली. आणखी खाली गेली. कापसानं तिला दोन्ही बाजूंनी धरलं आणि मांडीपर्यंत आत घेतलं. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, लहान मुलीचा निघावा तसा.

“अवो, या ना! बसून त पाहा!”

त्यांना सुखीबाईनं भाकरी, ज्वारीच्या कण्या आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा वाढला, वर ताक. जेवताना शोभानं तिला शंभर गोष्टी विचारल्या. गावाचं नाव बेलखेडी का? बेलाचं झाड आता कुठे आहे? पावसाळ्यात फाट्यापर्यंत कशा जाता? सुखीबाई एकेकाचं उत्तर देत गेली आणि नीळकंठराव ऐकत गेले. पावसाळ्यात म्हणे बाया चपला हातात घेऊन, गुडघाभर चिखलातून फाट्यावर येत आणि तिथल्या डबक्यात पाय धुऊन गाडीत चढत. ओल्या पायांच्या त्या बायांवर ते किती वेळा खेकसले होते. चिखल कुठून येतो, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

“पडा जराशे,” हात धुऊन सुखीबाई म्हणाली. “म्या वावरात जाऊन येते. ढोरानं तोंड घातलं त हाकला.” आणि दोन परक्या माणसांच्या भरवशावर उघडं घर टाकून ती निघून गेली.

दोघं कापसात पडून राहिले. अर्ध्या खिडकीतून उन्हाचा पट्टा येत होता आणि त्यात तंतू तरंगत होते.

“एक इचारू?” शोभा म्हणाली. “पियूष म्हणाला आईले पाठवा, तुमी लगेच हो म्हणाले. मले नाई इचारलं.”

“तुले जायचं नाई का?”

“आता इचारून राह्यले.”

“आता इचारतो. जायचं हाय तुले?”

तिनं कापसाचा एक पुंजका बोटांनी पिंजला. “हाय,” ती म्हणाली. “लेकरू पाह्यचं हाय मले. त्याले न्हाऊमाखू घालाचं हाय. अन् नाईबी जायचं. आता कुठं तुमी घरी आले. सकाळी चहा दोन कप मांडते मी, त अजून हात थबकते.”

नीळकंठरावांनी सदऱ्यावर बसलेला एक तंतू उचलला. ते उत्तर जुळवत होते, तोवर तिचा श्वास लांब झाला. ती झोपली होती.

ते कुशीवर वळले आणि तिच्याकडे पाहू लागले. दुपारी झोपलेली शोभा त्यांनी कधी पाहिली नव्हती. सुट्टीच्या दिवशी झोपत ते, ती कामात असे. तिच्या भुवईत एक पांढरा केस होता. नाकाच्या शेंड्याशी देवीचा एक वण होता. तो लग्नाच्या वेळीही असणारच. झोपेत ती ओठ किंचित हलवत होती, कोणाला तरी काही सांगत असल्यासारखे. केसांत कापूस अडकला होता. तो काढावा म्हणून त्यांनी हात नेला आणि ती जागी होईल म्हणून मागे घेतला.

दुरून डांबरी रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला. बेतातली दुपारची परतीची गाडी. त्यांच्या पायांनी आपोआप हालचाल केली. ते पाय त्यांनी कापसात खोल रुतवले आणि स्वस्थ पडून राहिले. अंगाला खाज सुटली होती, तरी हलले नाहीत.

सुखीबाईचा निरोप घेऊन ते फाट्यावर आले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. निघताना तिनं वांगी बांधून दिली होती आणि वर विचारलं होतं, “आता पुन्ना कवा?” फाट्यावर बसायला एक दगड होता. त्यावर दोघं बसले.

गाडी आली. लांबून दिसली, चढ चढून वर आली. कारंज्याहून परतलेली तीच होती. दारात नाजिया उभी होती.

“अवो, हात करा ना!” शोभा म्हणाली.

नीळकंठरावांनी हात केला नाही. “जाऊ दे ते,” ते म्हणाले. “मागून आखरी हाय एक.”

गाडीचा वेग कमी झाला. नाजियानं बाहेर वाकून पाहिलं, त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. डबल घंटी वाजली आणि गाडी यवतमाळकडे निघून गेली. आयुष्यात कोणाला गाडी चुकू दिली नाही अशा माणसानं आपली गाडी डोळ्यांसमोरून सोडली होती. शोभा त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

“काहून सोडली?”

त्यांनी वांग्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. “शोभा, मी गाडीवर जात होतो तवा... तू दिवसभर घरी काय करत होती व?”

“म्हंजे? काय करन? काम.”

“तसं नाई. मी निघालो. दार लावलं तू. मंग?”

शोभा आधी नुसतीच हसली. मग म्हणाली, “मंग मी पुन्ना झोपत होती घडीभर. तुमच्या जागेवर. गरम राहे ते.”

“अन् मंग?”

“मंग...” ती सांगू लागली. मागच्या अंगणात एक मुंगूस यायचं, त्याच्याशी ती बोलायची, ते. पियूष लहान असताना दोघं मिळून पत्र्याच्या डब्यांची एसटी करत आणि तो बाबा व्हायचा, ते. शेजारची नलू आणि ती एकदा कोणालाही न सांगता सिनेमाला गेल्या होत्या, ते. नीळकंठराव मध्ये मध्ये विचारत गेले आणि ती सांगत गेली. समोरच्या पऱ्हाटीवरून उजेड हळूहळू निघून गेला, तरी कापूस बराच वेळ दिसत राहिला. आखरी गाडी आली तेव्हा ती सिनेमाच्या मध्यंतरापर्यंतच पोचली होती.

महिनाअखेरीस शोभा पुण्याला गेली. नातू झाला. मोठं घर घ्यायचं पुढे पुढे जात राहिलं. दर रविवारी पियूषच्या मोबाइलवरून फोन येई. पहिल्या रविवारी शोभानं विचारलं, “जेवले का?” “जेवलो. तू?” तेवढ्यावर संपलं. बाळ झाल्यावर एका रविवारी, मागे ते रडत असताना, शोभानं विचारलं, “कुठं गेलते का?” आणि त्यांना नाही म्हणावं लागलं.

त्या मंगळवारी नीळकंठरावांनी पास खिशात टाकला आणि दारव्ह्याची गाडी धरली. या वेळी ते खिडकीशी बसले. लाडखेडच्या पुढे एका फाट्यावर, ज्याचं नाव त्यांनी हजारदा पुकारलं होतं, ते उठले आणि कोणाला काही न बोलता उतरले. गाडी गेली. धूळ बसली. समोरून दोन वाटा फुटत होत्या. एक पळसांतून जात होती. दुसऱ्या वाटेवर लांब कुठे तरी कोणी लाकूड तोडत होतं, आणि कुऱ्हाड उचललेली दिसे तेव्हा आधीच्या घावाचा आवाज येई.

असं का होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते तिथंच उभे राहिले आणि पुन्हा पुन्हा ऐकत, पाहत राहिले, रविवारी सगळं नीट सांगता यावं म्हणून.